पूर आणि दरडीनंतर आपद्ग्रस्तांच्या सोबतीला जाताना : नव्या स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप, ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर कोसळलेली दरड, ऑगस्ट २०१९ मधील कृष्णा-पंचगंगेचा महापूर, २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळिये येथे कोसळलेली दरड, त्याच दिवशी चिपळुणात शिरलेले वाशिष्ठीचे पाणी आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर आलेला डोंगर, अशा प्रत्येक आपत्तीनंतर महाराष्ट्रातून मदतीचा ओघ लागतो आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच तो आटतो. जेवण, पाणी, चादरी या वस्तू त्या काळात पुरेशा, किंबहुना गरजेपेक्षा जास्तही पोहोचतात. मात्र पंचनाम्यात नाव आले की नाही हे पाहणारा, रात्री झोप न येणाऱ्या माणसाजवळ निमूटपणे बसणारा आणि महिन्याभराने पुन्हा येऊन विचारपूस करणारा माणूस दुर्मीळ असतो. असे काम प्रथमच करू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मानसिक आधार आणि व्यावहारिक मदत ही दोन वेगळी खाती नाहीत, असे आमचे मत आहे. अडलेला एक दाखला मिळवून दिल्याने माणसाला जो धीर येतो, तो तासभराच्या उपदेशाने येत नाही.

पहिली पायरी : निघण्यापूर्वी

आपल्या जाण्याची गरज आहे का, हे आधी विचारावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तेथे, तहसील कार्यालयात किंवा त्या तालुक्यात पूर्वीपासून काम करणाऱ्या एखाद्या संस्थेकडे चौकशी करावी आणि शक्यतो त्यांच्यापैकी कोणाच्या तरी नियोजनाखालीच जावे. २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस पाण्याखाली होता आणि शहरात इंधनाचा तुटवडा पडला होता. अशा वेळी विनानियोजन निघालेली प्रत्येक गाडी बचावकार्याच्या रस्त्यावरची गर्दी वाढवते आणि स्वतःच्या जेवणाचा, मुक्कामाचा भार आपद्ग्रस्त गावावर टाकते.

वापरलेले कपडे नेऊ नयेत. जवळजवळ प्रत्येक आपत्तीनंतर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडतात, ते निवडायला माणसे लागतात आणि दुसऱ्याने टाकलेले लुगडे अंगावर चढवताना स्वाभिमानी बाईला काय वाटत असेल याचा विचार देणाऱ्याच्या मनात येत नाही. त्याऐवजी नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, पाणी निर्जंतुक करण्याचे क्लोरीनचे थेंब, विजेऱ्या, फावडी, गमबूट, रबरी हातमोजे आणि प्लास्टिकच्या घट्ट बंद होणाऱ्या फाइली न्याव्यात. स्वतःसाठी धनुर्वाताची लस घेतलेली असावी. पुराच्या चिखलात काम करायचे असल्यास लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक औषधाविषयी डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा.

दुसरी पायरी : पहिली भेट

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पाहणे, ऐकणे आणि योग्य ठिकाणी जोडून देणे या तीन क्रियांवर ती आधारलेली आहे. नवख्या माणसाला एवढा क्रम पुरेसा आहे. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

पाहणे म्हणजे शिबिरात शिरताच बोलायला सुरुवात न करता थोडा वेळ परिस्थितीचा अंदाज घेणे. कोण एकटे बसले आहे, कोणत्या बाईच्या मांडीवरचे मूल सारखे रडते आहे, कोण जेवणाच्या रांगेत येतच नाही, कोणाचा चष्मा, काठी किंवा कानाचे यंत्र हरवले आहे, हे पाहिल्यावर समजते. नंतर जवळ जाऊन आपले नाव, गाव आणि कोणाबरोबर आलो आहोत हे सांगावे, उंच उभे राहून न बोलता त्यांच्याजवळ खाली बसावे आणि वयाप्रमाणे आजी, काका, मावशी, दादा, ताई असे संबोधावे. ‘लाभार्थी’ हा कार्यालयीन शब्द त्यांच्यासमोर उच्चारू नये. पहिला प्रश्न घडलेल्या प्रसंगाविषयी नसावा. पाणी प्यालात का, घरचे सगळे भेटले का, कोणाला फोन लावायचा आहे का, हे प्रश्न आधी यावेत. चार्ज केलेला मोबाइल पुढे करून नातेवाइकांशी बोलणे करून देणे ही पहिल्या दोन दिवसांतली फार मोठी मदत असते.

त्या रात्री काय झाले, कसे वाटले, हे खोदून विचारू नये. दुर्घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून प्रसंग सविस्तर सांगायला लावण्याची पद्धत एके काळी उपयुक्त मानली जात असे; त्यातून लाभ होत नाही आणि काहींना अपायही होऊ शकतो, असे दिसून आल्याने आता ती टाळण्याची शिफारस केली जाते. सांगावेसे वाटणारा माणूस स्वतःहून सांगतो आणि पुष्कळदा तेच तेच सांगतो. तेव्हा मध्ये न तोडता ऐकावे. ‘देवाची मर्जी’, ‘तुम्ही वाचलात हे नशीब’, ‘आता रडून काय उपयोग’, ‘आम्हालाही असाच अनुभव आला होता’ ही वाक्ये सांत्वनाच्या सवयीने तोंडावर येतात, ती गिळावीत. तुमच्यावर फार मोठा प्रसंग आला, मी येथे बसलो आहे, एवढे म्हणून गप्प राहणे चालते. गप्प बसणे नव्या स्वयंसेवकाला सर्वांत अवघड जाते. हाताला चाळा हवा म्हणून तो मोबाइल काढतो आणि समोरचा माणूस बोलायचा थांबतो.

जे आपल्या हातात नाही त्याचे वचन देऊ नये. ‘घर नक्की मिळेल’, ‘तुमचा मुलगा सापडेल’ यांसारखे शब्द विसरले जात नाहीत. माहीत नसेल तर चौकशी करून उद्या अकरा वाजता सांगतो असे म्हणावे आणि उत्तर मिळाले नसले तरी उद्या अकरा वाजता तेथे हजर राहावे.

तिसरी पायरी : शोक आणि न सापडलेली माणसे

माळीणमध्ये १५१ जणांचा मृत्यू झाला. तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. इर्शाळवाडीत शोधकार्य थांबवावे लागले, तेव्हा ५७ जण बेपत्ता राहिले होते. दरडीतील मृत्यू पुरातील मृत्यूपेक्षा या बाबतीत निराळा असतो, कारण तेथे अनेकदा घर, गोठा, शेत आणि माणूस एकाच मातीखाली जातात आणि अंत्यदर्शन होत नाही. शोधकार्य थांबवण्याचा निर्णय प्रशासन तांत्रिक व आरोग्याच्या कारणांनी घेते; परंतु तो निर्णय नातेवाइकांना दूरचित्रवाणीवरून कळू नये, यासाठी स्वयंसेवकाने अधिकाऱ्यांना विनंती करून त्यांना आधी प्रत्यक्ष सांगण्याची व्यवस्था करावी, आणि ते ऐकताना त्यांच्याजवळ आपले, ओळखीचे माणूस असेल असे पाहावे.

मृतदेहाची ओळख पटवण्यासाठी जाणाऱ्या व्यक्तीला कधीही एकटे पाठवू नये. आत काय दिसेल, देहाची अवस्था कशी असू शकते, याची कल्पना सौम्य पण स्पष्ट शब्दांत आधी द्यावी. बाहेर बसून नातेवाइकांचे म्हणणे मानण्याची मुभा आहे, हेही सांगावे. लहान मुलांना तेथे नेऊ नये.

विधींविषयी स्वयंसेवकाची स्वतःची श्रद्धा काहीही असो, येथे ती बाजूला ठेवावी. देह न मिळाल्यास हिंदू कुटुंबांत पालाशविधी करतात, मुस्लिम समाजात गायबाना नमाज-ए-जनाजा अदा केली जाते, बौद्ध कुटुंबांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. इर्शाळवाडीतील ठाकर समाजासारख्या आदिवासी समाजांच्या स्वतःच्या रीती आहेत आणि त्या त्यांचे ज्येष्ठच सांगतील. आपण केवळ विचारावे की दहावे-तेरावे कोठे करायचे आहे, नदीकाठी जाण्यासाठी वाहन हवे आहे का, गुरुजी, मौलवी किंवा भंतेजींना बोलवायचे आहे का. शिबिराच्या धामधुमीत दहावा दिवस केव्हा उलटला हे कळत नाही आणि त्याची बोच कुटुंबाला पुढे वर्षानुवर्षे राहते. म्हणून तिथी वहीत लिहून ठेवणे हेही मदतीचेच काम समजावे.

कामानिमित्त मुंबईला असल्यामुळे बचावलेला तरुण किंवा आश्रमशाळेत असल्यामुळे वाचलेले मूल आपणच का राहिलो या प्रश्नाने आतून पोखरले जाते. त्याला युक्तिवादाने पटवण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो. गेलेल्या माणसांबद्दल बोलू द्यावे, त्यांची नावे घ्यावीत, त्यांच्या सवयी ऐकाव्यात. नातलगांच्या मोबाइलमधून मृतांची छायाचित्रे मिळवून छापून दिल्यास, घरासोबत सगळे फोटो गेलेल्या कुटुंबाला ती अतिशय मोलाची वाटतात.

चौथी पायरी : कागद

हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच त्यासाठी माणसे मिळत नाहीत. प्रत्येक कुटुंबासाठी वहीचे एक पान ठेवावे आणि त्यावर काय गेले, काय हवे, कोणत्या कार्यालयात अर्ज दिला, पोच मिळाली का, हे लिहावे. पोचेशिवाय अर्ज देऊ नये.

पूर ओसरताच घर धुवून काढण्याची घाई असते. त्याआधी घरातील चिखल, भिंतीवरील पाण्याची खूण, मोडलेले सामान, मेलेली जनावरे यांची दिनांकासह छायाचित्रे घ्यावीत. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि पिकांच्या बाबतीत कृषी सहायक करतात. त्या वेळी घरातील कोणीतरी हजर असावे, नोंद वाचून घ्यावी आणि मगच सही करावी. अंगठा उठवणाऱ्या वृद्धांना ती नोंद मोठ्याने वाचून दाखवणे हे स्वयंसेवकाचे काम आहे. भाडेकरू, वीटभट्टीवरील मजूर, पालावर राहणारी भटकी कुटुंबे आणि परप्रांतीय कामगार यांची नावे यादीतून हमखास गळतात, कारण घर त्यांच्या नावावर नसते आणि शिधापत्रिका दुसऱ्या गावची असते. घरमालकाला घराची मदत मिळेल, पण भांडीकुंडी, कपडे व धान्य भाडेकरूचे गेले आहे, ही गोष्ट पंचनाम्याच्या वेळीच लक्षात आणून द्यावी लागते.

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. त्यानंतर विलंब शुल्क आणि जास्त उशीर झाल्यास वरिष्ठांची परवानगी लागते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार आपत्तीत मृत्यू झालेल्या व्यक्तीच्या वारसाला ४ लाख रुपये मिळतात, परंतु त्यासाठी मृत्यूचे कारण सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले असावे लागते. म्हणून दुःखात शवविच्छेदनाला नकार देणाऱ्या कुटुंबाला त्या कागदाचे पुढील महत्त्व कोणीतरी शांतपणे समजावून सांगणे आवश्यक ठरते. बेपत्ता व्यक्तीच्या बाबतीत एरवी सात वर्षांनी मृत्यूचे अनुमान करण्याची तरतूद आहे. तथापि मोठ्या आपत्तीत शासन स्वतंत्र कार्यपद्धती ठरवू शकते, जशी ती २०१३ च्या उत्तराखंडातील प्रलयानंतर ठरवण्यात आली होती. त्यासाठी पोलीस ठाण्यात बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवलेली असणे हा पाया आहे. ‘गेलाच आहे, मग तक्रार कशाला’ असे म्हणून कुटुंबे ती टाळतात.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मृताचे बँकेचे पासबुक किंवा खातेउतारा मिळवून त्यात वर्षाला ४३६ रुपये आणि २० रुपये वळते झाल्याची नोंद आहे का, हे पाहावे. पहिली रक्कम प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची आणि दुसरी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची असते. दोन्हींत मृत्यूनंतर प्रत्येकी २ लाख रुपयांचे संरक्षण आहे, मात्र दुसरी योजना केवळ अपघाताला लागू होते. खाते उघडताना बँकेने भरून घेतलेला तो अर्ज घरच्यांना आठवतही नसतो. शेतकरी कुटुंबातील व्यक्ती बुडून किंवा वीज पडून गेली असल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विनाविलंब करावी.

आधार, शिधापत्रिका, सातबारा, गुणपत्रिका, जातीचे दाखले यांच्या दुय्यम प्रतींसाठी गावातच एक दिवस सर्व संबंधितांना बसवण्याची विनंती तहसीलदारांना केल्यास लोकांच्या खेपा वाचतात. सातबारा ऑनलाइन मिळतो, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेसाठी विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. भिजलेले कागद उन्हात टाकू नयेत किंवा ओढून सुटे करू नयेत. पंख्याखाली, सावलीत, वर्तमानपत्राच्या पानांमध्ये ठेवून सावकाश वाळवावेत. मिळालेले पैसे कोणाच्या खात्यात जमा होत आहेत इकडेही लक्ष असावे. विधवा सुनेला डावलून दीर-सासरे रक्कम उचलतात, अशा तक्रारी येतात तेव्हा आपण भांडणात न पडता तिला तालुका विधी सेवा समितीकडे न्यावे, तेथील सल्ला विनामूल्य असतो.

पाचवी पायरी : शिबिरातील दिवस

शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या सभागृहात शेकडो माणसे एकत्र राहत असताना स्त्रियांची कुचंबणा सर्वांत आधी होते आणि सर्वांत शेवटी बोलली जाते. शौचालयाला आतून कडी आहे का, वाटेवर दिवा आहे का, कपडे बदलायला व बाळाला पाजायला पडदा आहे का, हे स्त्री स्वयंसेवकाने रोज पाहावे. पॅड रांगेत उभे करून वाटू नयेत. अंधारात जाण्याच्या भीतीने बायका संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडतात. अशा शिबिरात मानसिक आरोग्याचे पहिले काम दिवा बसवणे हेच असते.

औषधे खंडित झालेल्या माणसांची यादी पहिल्याच दिवशी करावी : मधुमेह, रक्तदाब, फिट्स, दमा, क्षयरोग, एचआयव्ही, डायलिसिस आणि मानसिक आजार. मानसिक आजाराची गोळी चालू असल्याचे लोक चारचौघांत सांगत नाहीत, म्हणून हा प्रश्न एकांतात विचारावा. दारू अचानक बंद झालेल्या माणसाला दोन-तीन दिवसांत कापरे भरून भ्रम होऊ लागल्यास ती वैद्यकीय तातडी असते, त्याला तमाशा समजून कोपऱ्यात बसवू नये.

माणसांना नुसते बसवून ठेवू नये. स्वयंपाक, स्वच्छता, वाटपाची यादी, मुलांचा अभ्यास ही कामे शिबिरातील लोकांनीच वाटून घ्यावीत. बाहेरून आलेल्यांनी सारे हातात घेतले, की ज्याने आयुष्यभर शेत कसले तो माणूस ताट घेऊन रांगेत उभा राहणारा होऊन जातो. किल्लारीनंतर घरबांधणीच्या कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून शासन आणि कुटुंबे यांच्यातील दुवा सांभाळला होता, हे उदाहरण नव्या कार्यकर्त्यांनी जरूर अभ्यासावे.

सहावी पायरी : मुले

मुलांशी खरे बोलावे. ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगितल्यास ते मूल वाट पाहत राहते, आणि ‘आजी झोपली आहे’ असे सांगितल्यास ते स्वतः झोपायला घाबरू लागते. मृत्यूची बातमी शक्यतो घरच्याच माणसाने, साध्या शब्दांत द्यावी. अंथरूण ओले करणे, आईला चिकटून राहणे, दरड किंवा पुराचाच खेळ पुन्हा पुन्हा खेळणे हे सुरुवातीच्या आठवड्यांत स्वाभाविक असते, त्यावर रागावू नये. शाळा जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे. तोवर ठरावीक वेळी गाणी, चित्रे, लंगडी-खोखो आणि ठरावीक वेळी जेवण, एवढी शिस्तही मुलांना सावरते.

आईवडील गमावलेल्या मुलाला भावनेच्या भरात कोणाच्याही हवाली करू नये. आम्ही सांभाळतो म्हणून पुढे येणारे बहुतेक सज्जन असतात, पण सगळे नसतात. १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवून बालकल्याण समितीमार्फतच पुढील व्यवस्था व्हावी आणि भावंडांची ताटातूट होऊ नये. किल्लारीनंतर शेकडो मुलांना पुण्याच्या आणि नळदुर्गच्या संस्थांनी शिकवून मोठे केले, ते काम मोठे आहे. तरीही काका, मामा, आजी सांभाळू शकत असतील तर पहिला पर्याय तोच धरावा. मुलांची छायाचित्रे घेऊ नयेत व समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

सातवी पायरी : केव्हा तज्ज्ञाकडे न्यावे

दचकणे, झोप न लागणे, बधिर होणे, चिडणे, भूक मंदावणे ही असामान्य प्रसंगाची सामान्य लक्षणे आहेत आणि बहुसंख्य माणसे आधार मिळाल्यास काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही त्रास कमी न झाल्यास तज्ज्ञाला दाखवावे. जीव देण्याची भाषा, तान्ह्या बाळाकडे पाहायलाही नकार, कित्येक दिवस अन्न-पाणी सोडणे, नसलेले आवाज ऐकू येणे, ही लक्षणे दिसल्यास मात्र थांबू नये. त्या व्यक्तीला एकटे न ठेवता जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात न्यावे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य असून त्यावर मराठीत बोलता येते. झोपेची गोळी स्वतःच्या पिशवीतून काढून कोणालाही देऊ नये.

आठवी पायरी : पुढचे महिने

पुनर्वसनात घर मिळते, पण शेजार मिळेलच असे नाही. किल्लारी भागातील नव्या गावांत रुंद रस्ते आणि सरळ ओळी आल्या, मात्र दारात बसून बोलण्याच्या जुन्या बोळांची व वाड्यांची रचना गेली, ही तक्रार अभ्यासकांनी व रहिवाशांनी पुष्कळदा मांडली आहे. म्हणून घरांच्या वाटपाची चर्चा सुरू होताच जुने शेजारी एका ओळीत राहावेत, एकट्या वृद्धांचे घर नातलगांच्या जवळ यावे, असा आग्रह ग्रामसभेतून मांडायला लोकांना मदत करावी.

पुढच्या वर्षीचा पहिला जोराचा पाऊस, पहिली दिवाळी आणि वर्षश्राद्ध या तीन वेळा स्वयंसेवकाने आताच दिनदर्शिकेत लिहून ठेवाव्यात. दरडग्रस्त माणूस त्या पावसात रात्रभर जागा असतो. तेव्हा एक फोन करावा, जमल्यास जावे.

स्वतःविषयी थोडक्यात : आठवड्यातून एक दिवस काम पूर्ण बंद ठेवावे, रोज रात्री सहकाऱ्यांशी बोलावे, आणि ऐकलेल्या हकिकती बाहेर कोणालाही, अगदी देणगीदारांनाही, नावानिशी सांगू नयेत. परतण्याची तारीख लोकांना किमान आठवडाभर आधी कळवावी. निघताना कुटुंबांच्या पानांची ती वही आशाताई, शिक्षक किंवा गावातील ज्या व्यक्तीवर लोकांचा विश्वास आहे तिच्याकडे, त्या त्या कुटुंबाची संमती घेऊन, समोरासमोर सोपवावी. अपुरी राहिलेली कामे, पुढच्या तारखा आणि संबंधित कार्यालयातील टेबल त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.